दवण्याचं बी

दवण्याचं बी तळहातावर घेतलं
तर रेषांमध्ये जाऊन बसतं.
शिंकू नये, हसू नये,
पंखा बंद करावा.
संकेश्वरच्या बाजारातून निंगव्वानं आणलं,
पुडीवर कानडीत काहीतरी लिहिलेलं.
म्हणाली, "यंदाचंच आहे, शिळं उगवत नाही.
पण सुंदराबाई, जमेल का गं तुला?
फार बारीक आहे."

बारीक बी कुणाला सांगते ही?
लग्नाआधी अकोळच्या शिवारात
तंबाखूचं तरू टाकणारी मी.
चिमटीत हजार दाणे,
वेदगंगेच्या चाळलेल्या वाळूत कालवायचे
आणि वाफ्यावरून उलटं चालत
मीठ भुरभुरावं तसे सोडायचे.
वर माती नाही. पातळ पाचट,
आणि झारीचं पाणी, कलत्या हातानं;
धार पडली की बी वाहून एका कोपऱ्यात गोळा.
हात काही विसरला नव्हता.

विसरलं ते नाक.

एकतीस वर्षं निपाणीच्या वखारीत चाळण मारली.
पहिल्या वर्षी शिंका, दुसऱ्या वर्षी घेरी,
मग काहीच नाही.
धाकट्याच्या वेळी, बाळंतपण उरकून परत कामावर,
संध्याकाळी घरी येऊन त्याची टाळू हुंगली.
कोरी.
दूध करपलं तर मला धूर सांगतो.
चिकोडीच्या डॉक्टरनं बॅटरी मारून बघितलं,
"आतली वायर जळाली, मावशी," म्हणाला
आणि शंभर रुपये घेतले.

"मग हे कशाला लावतेस?" निंगव्वानं विचारलं.
रंगाचे रिकामे डबे होते,
गच्चीवर ऊन होतं,
आणखी काय सांगणार?

दवणा आठव्या दिवशी उगवला.
उगवला म्हणजे काय, माती जराशी हिरवट झाली;
शेवाळ समजून मी खरवडणारच होते.
मरवा रुसला. "बी कशाला, फांदी खोच," सगळे म्हणाले.
मी हट्टानं बीच टाकलं,
अकरा आले, तीन राहिले.
ओवा मात्र गवतासारखा, न विचारता.
सब्जाला पाणी लागताच
दाण्यादाण्याभोवती पांढुरका फुगा,
बेडकाच्या अंड्यांसारखा.
मी म्हणते सब्जा, निंगव्वा म्हणते कामकस्तुरी,
आणि झारी कलती करताना
ते एवढं लांब नाव ती पुरं उच्चारते,
एक अक्षर गिळत नाही.

सकाळी गुडघा धरत ती वर येते,
एक पान चुरते, डोळे मिटते,
आणि मी तिच्या तोंडाकडे बघते.
दवण्याला तिच्या भुवया वर जातात.
ओव्याला नाक मुरडते नि लगेच पुन्हा हुंगते.
मरव्याला गप्प.
फार विचारलं तर म्हणते, "आमची अव्वा वेणीत..."
आणि पुढचं सगळं कानडीत, भरभर.
मला निम्मं कळतं.
त्या दिवशी निम्म्याहून थोडं जास्त कळलं.

एकदा मी तिला फसवायला गेले.
पान न चुरता रिकामाच हात पुढे केला.
तिनं हुंगला, डोळे न उघडताच म्हणाली,
"ही तंबाखू."
वखार सोडून नऊ वर्षं झाली.
मी नळाखाली हात धरला,
साबणानं, मग चुलीतल्या राखेनं घासला.
परत वर गेले तर ती हसत होती.
"राहू दे," म्हणाली. "कळतं तरी, तू आलीस ते."

माघ संपताना दवण्याला कळ्या धरल्या.
कळीच्या आतच कापायचा असतो;
फुलला की वास उतरतो, निंगव्वा सांगते.
तिनं तीन डबे कापले, जुड्या बांधल्या,
एक यल्लमाला, एक सुनेच्या पेटीत कपड्यांमध्ये,
एक स्वतःच्या उशाला.
चौथ्या डब्याकडे विळा नेला
तेव्हा मी तिचं मनगट धरलं.

"अगं, वास जाईल."
"जाऊ दे की."

तो डबा फुलला. फूल कसलं ते,
पिवळसर टाचणीची डोकी.
मग वाळला, तपकिरी झाला, वाऱ्यानं कुरकुरला.
वैशाखात मी खाली वर्तमानपत्र पसरलं,
देठ उलटे धरले, हळूच आपटले.

निंगव्वा जवळ यायला निघाली.
मी म्हटलं, तिथंच थांब,
श्वास धर.